रिकामी गाडी मोजणारे आप्पा

वडीगोद्रीत खोली पाहायला गेले त्या दिवशी माझी डाव्या पायाची सँडल गेली. सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या कामावर नुकतीच रुजू झाले होते आणि राहायला जागा हवी होती. घरमालकांनी खोली दाखवली, भाडं सांगितलं, चहा पाजला. निघताना पायरीवर आले तर उजवी सँडल जागेवर, डावी गायब. मी इकडेतिकडे पाहिलं. मग पिशवीतून रबरी स्लीपरचा जोड काढला, पायात घातला आणि उरलेली सँडल कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. पावसाळ्यात चिखल असतो म्हणून तो जोड माझ्या पिशवीत कायम असे.

मागे खिडकीत घरमालक उभे होते. खाकी शर्ट, पांढऱ्या भरघोस मिशा, हातात काठी.

"म्याडम, खोली तुमची," ते म्हणाले.

"आणि माझी सँडल?"

"ती टाकीखाली हाय. घ्या काढून." सिमेंटच्या पाण्याच्या टाकीखाली वीतभर फट होती, तिच्याकडे त्यांनी काठी दाखवली. "राग मानू नका. म्या मानूस मोजून राह्यलो हुतो."

या माणसाला सगळे आप्पा म्हणत. मीही पुढे तेच म्हणू लागले.

मी यादी करणारी बाई आहे. किराणा, लसी, मुदत संपत आलेली औषधं, माहेरी जाताना न्यायच्या वस्तू, सगळ्याची यादी. आप्पांच्या घरात वरच्या खोलीत मी बरीच वर्षं राहिले, पण त्यांच्या सवयींची यादी काही मला जमली नाही. एक लिहावी तर तिच्यातून दुसरी निघे.

आप्पांनी नोकरी केली ती अंकुशनगरच्या साखर कारखान्यात, वजनकाट्यावर. उसाची गाडी भरलेली मोजायची, मोळ्या उतरल्या की रिकामी मोजायची, फरक तेवढा ऊस. निवृत्त झाल्यावर परीक्षा देऊन ते म्युच्युअल फंडाचे वितरक झाले. मुलगा पुण्यात, बायको आधीच गेलेली. घरात रिकामं बसवेना. आसपासच्या गावांत मास्तर, तलाठी, कारखान्याचे निवृत्त लोक यांच्याकडे पैसे होते, पण ते बँकेत ठेवायचे की जमिनीत घालायचे याच्या पलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. आप्पांनी त्यांना तिसरी वाट दाखवली.

पण वाट दाखवण्याआधी ते माणूस मोजत.

फंडाच्या कागदांवर जोखमीचा एक अर्धगोल छापलेला असतो. कमी जोखमीपासून अति जोखमीपर्यंत रंग बदलत जातात आणि मध्ये एक काटा. त्यासोबत प्रश्नावली: गुंतवणूक एकदम खाली आली तर तुम्ही काय कराल? विकाल, थांबाल, की आणखी घ्याल? आप्पांचा या प्रश्नावलीवर काडीचा विश्वास नव्हता.

"भरल्या पोटी उपासाचं इचारलं तर समदेच हाव म्हन्त्यात," ते म्हणत. "भरल्याली गाडी कुनीबी मोजंल, म्याडम. रिकामी मोजल्याबिगर ऊस किती ते कळत न्हाई. मानसाचंबी तसंच. काही गेल्यावर त्यो कसा वागतो, ते पाह्यचं."

आणि म्हणून चप्पल. गिऱ्हाईक आत बसलं की आप्पा पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर येत आणि काठीने त्याची एक चप्पल टाकीखाली सारत. निरोप घेऊन माणूस बाहेर गेला की खिडकीत उभे राहत. जो आरडाओरडा करी, शेजारच्या पोरांवर आळ घेई, त्याचा पैसा रोख्यांच्या फंडात. जो जरा शोधून, हसून, कुणाची तरी मागून घेई, त्याचा थोडा इकडे थोडा तिकडे. जो अनवाणी चालू लागे तो शेअरच्या फंडाला लायक. दुसऱ्या दिवशी आप्पा चप्पल आणि फॉर्म दोन्ही घेऊन त्याच्या घरी जात. एक तालुक्याचे साहेब चक्क दुसऱ्याचे बूट घालून गेले होते. त्यांचा फॉर्म आप्पांनी भरलाच नाही.

"काहून?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"ज्याला दुसऱ्याचं घालता येतं, त्याला जोखीम कशाची?"

भिंतीवर तीन खुंट्या होत्या आणि फॉर्म त्यांना अडकवलेले असत. पहिली पाटाच्या पाण्याची: रोख्यांचे फंड, येतं म्हणजे येतं, पण कधी दुथडी भरून वाहणार नाही. दुसरी विहिरीची, मिश्र फंडांची. तिसरी पावसाची, शेअरच्या फंडांची. माझा फॉर्म त्यांनी दुसऱ्या खुंटीला लावला. "तुम्ही दुसरा जोड घिऊन फिरनाऱ्या. तुम्हाला विहीर बराबर," एवढाच निवाडा. मला तो पटला, आजही पटतो. दर महिन्याला पगारातून पैसे जातात आणि मी झोपते.

त्यांची आणखी एक सवय होती. शेअर बाजार पडला की लोकांचे फोन येत. आप्पा उभ्यानेच फोन घेत आणि आकडा सांगण्याआधी विचारत, "जेवलात का? काय खाल्लं?" समोरचा भाकरी, पिठलं, वांगं असं काही नीट सांगे तेव्हाच पुढचं बोलणं. घाबरलेला माणूस जेवत नाही, आणि जेवलेला माणूस घाईने विकत नाही, असा त्यांचा हिशोब. मला तो हिशोब दवाखान्यातल्या पुष्कळ तपासण्यांपेक्षा शहाणा वाटे. त्यात एक भोक होतं, ते तेव्हा आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

त्यांचा एकच जिवलग होता. कारखान्यात बॉयलरवर होते म्हणून गावात त्यांना बॉयलरवाले मामा म्हणत. दोघं एका गावचे, लहानपणी मेंढरांमागे बरोबर हिंडलेले, कारखान्यात बरोबर लागलेले. मामा रविवारी अंकुशनगरहून बसने येत. दोघं पायरीवर बसून शेंगा खात आणि एकमेकांना टाकून बोलत.

"गड्या, तुझ्या बॉयलरपरीस माझा काटा भारी. तुझ्या बॉयलरला कुनी नमस्कार तरी केला का?"

"तुझ्या काट्याला लोक नमस्कार न्हाई, शिव्या द्यायचे. मी सोत्ता दिल्त्या."

मामांची निवृत्ती जवळ आली. निवृत्तीनंतर कारखान्याची खोली सोडावी लागते. मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सगळं आयुष्य त्या एका खोलीत काढलं होतं. वडीगोद्रीच्या फाट्याजवळ त्यांनी जागा घेऊन ठेवली होती. मामींचं मागणं साधं होतं: दोन खोल्या, वर स्लॅब, आणि स्वयंपाकाला वेगळा ओटा. ओट्याची उंची किती, खिडकी कुठे, हे त्या माझ्याजवळ हाताने हवेत दाखवत.

ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात आले तसे मामा आप्पांकडे आले. मामीही आल्या आणि दाराशी बसल्या. मी वरून औषधांचा डबा घेऊन उतरले होते, कारण आप्पांना मधुमेह होता आणि त्यांच्या गोळ्या मीच भरून ठेवी. म्हणून ते बोलणं मी पूर्ण ऐकलं.

"घराचा पैसा हाय," आप्पा म्हणाले. "पाटाच्या पाण्यात ठिवू. दोन-तीन सालात लागनार. असा पैसा पावसावर सोडायचा न्हाई."

"घाई कुठं हाय?" मामा म्हणाले. "भाड्यानं राहू पाच-सात साल. मंग बांधू. दोन काहून, चार खोल्या बांधू. टाक समदं पावसावर."

"आन् पाऊस न्हाई पडला तर?"

"तर न्हाई. अरं, मेंढरामागं वाढल्यालो मी. लांडगा पाह्यला तवा तू झाडावर गेल्तास, मी खाली हुतो. इसरला का?"

मामी दाराशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "भाड्यानं?" त्या एवढंच म्हणाल्या.

आप्पा पाणी आणायला बाहेर गेले. मला ठाऊक होतं कशाला.

भर उन्हाळा होता. मामा निघाले, पायरीवर थांबले, खाली पाहिलं. एकच चप्पल. ते मोठ्याने हसले, ती उरलेली चप्पलही तिथेच सोडून दिली आणि तापलेल्या डांबरी रस्त्याने फाट्याकडे चालू लागले. मामी मागून "अहो, थांबा की" म्हणत गेल्या.

आप्पांचा चेहरा उजळला होता. "पाह्यलं का म्याडम? मागं वळूनबी पाह्यलं न्हाई. असा मानूस जिल्ह्यात दुसरा न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते फॉर्म घेऊन गेले, पण मामांनी चप्पल विचारली नाही आणि आप्पांनी नेली नाही. "राहू दे निशानी," म्हणाले. फॉर्म तिसऱ्या खुंटीचा होता. सगळे पैसे.

वर्षभरात टाळेबंदी आली आणि बाजार कोसळला. दवाखान्यात माझं कामच एवढं होतं की बाजाराकडे लक्ष नव्हतं, पण खालून आप्पांचा आवाज ऐकू येई. दिवसभर फोन. उभेच असत. मामांना ते रोज सकाळी स्वतःहून फोन लावत.

"गड्या, जेवला का?"

स्पीकरवर मामांचा आवाज यायचा. "जेवलो. भाकरी आन् ठेचा. वरून ताक. तुझ्यासारखं भिऊन बसू का?"

"भ्या न्हाई ना वाटत?"

"बिलकुल न्हाई."

आप्पा फोन ठेवून मला वर हाक मारून सांगत, "बॉयलर गरम हाय!" दुसरे पुष्कळ लोक घाबरले होते. त्यांची समजूत काढताना आप्पा मामांचंच उदाहरण देत.

मग एका दुपारी मी दवाखान्यातून आले तर आप्पा खुर्चीत बसलेले. बाजार चालू असताना मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. समोर संगणक. मामांचे फंडाचे सगळे युनिट विकले गेले होते. आप्पांना न विचारता, जावयाच्या मोबाईलवरून, अगदी तळाला.

"सकाळी म्हन्ला, पिठलं खाल्लं," आप्पा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "पिठलं खाल्लं म्हन्ला."

त्यांनी फोन लावला. उचलला गेला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

निर्बंध सैल झाल्यावर मामी आल्या. तोंडाला पदर, पायरीच्या खालीच बसल्या. रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. जे झालं ते सांगितलं. नवरा रात्रंदिवस मोबाईलकडे पाहायचा. ताट तसंच परत यायचं. दोन दिवस तर नुसत्या पाण्यावर काढले. शेवटी जावयाने म्हटलं, काढून घ्या, आहे तेवढं तरी राहील. उरलेल्या पैशात फाट्याजवळ एक खोली होईल, पत्र्याची.

"ओटा?" मी विचारलं आणि विचारून जीभ चावली.

"चूल भाईर मांडीन," त्या म्हणाल्या. मग आप्पांकडे वळल्या. "आप्पा, तुमची ती चपलेची गंमत मला ठाव न्हवती. जावयानं सांगितली. मला इचारायचं व्हतं. त्या मानसानं पयली चप्पल नोकरी लागल्यावर घातली. काट्याकुट्यात हिंडल्याले पाय त्यांचे. चप्पल गेल्याचं त्यांना काय वाटनार? तुम्ही तर संगं हिंडला. तुमाला कसं कळलं न्हाई?"

आप्पांनी मान खाली घातली ती मामी जाईपर्यंत वर केली नाही.

त्यानंतरचे आप्पा मला आठवावेसे वाटत नाहीत, पण जास्त तेच आठवतात. त्यांनी तिसरी खुंटी उपटून टाकली. भिंतीत भोक राहिलं ते बुजवलं नाही. चपला लपवणं बंद. बाजार पुढे वर आला, पडला होता त्याच्या कितीतरी वर गेला. मामांचे पैसे तसेच राहिले असते तर दोन खोल्या होऊन उरले असते. लोक आता स्वतःहून येत, शेअरचा फंड द्या म्हणत. आप्पा सगळ्यांना पाटाचं पाणीच देत. नुकता नोकरीला लागलेला एक तरुण मास्तर आला, त्यालाही तेच.

मी भांडले. "आप्पा, त्याला अजून तीस-पस्तीस वर्षं आहेत. रोख्यांत ठेवून महागाई त्याचा पैसा खाऊन टाकेल. हीसुद्धा जोखीमच आहे की. तुम्हीच सांगत होता."

"म्या लई सांगत हुतो," आप्पा म्हणाले. "मला मानूस मोजता येत न्हाई, म्याडम. ज्याच्या संगं एका घोंगडीत निजलो त्यो मोजता आला न्हाई, तर ह्यो मास्तर काय मोजू?"

तो मास्तर गेला. हळूहळू इतरही गेले. लोक म्हणू लागले, आप्पा भ्याले.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी नवीनच खूळ काढलं. ऐन दुपारी, डांबर मऊ होतं त्या वेळेला, ते अनवाणी घरापासून फाट्यापर्यंत जात आणि परत येत. वाटेत मामांची पत्र्याची खोली लागे, पण त्यांनी तिकडे मान वळवली नाही, असं पाहणारे सांगत. दवाखान्यात मला कुणीतरी सांगितलं तेव्हा मी तशीच धावत आले. ते पायरीवर बसून तळपाय पाहत होते. चेहऱ्यावर समाधान होतं. पुष्कळ दिवसांनी दिसलेलं.

"मामी बराबर बोलल्या. भाजतच न्हाई, म्याडम. बिलकुल कळत न्हाई. आमचे पाय तसलेच. म्या त्या दिशी त्याची पाठ पाह्यली, पाय पाह्यले न्हाईत. पाय पाह्यले असते तर घर झालं असतं त्याचं."

मी त्यांचा पाय हातात घेतला. टाचेला मोठा फोड आला होता आणि मी दाबला तरी त्यांना पत्ता नव्हता.

"आप्पा, हे मेंढरांचं नाही. साखरेनं तुमच्या पायाची जाण गेली आहे. पुन्हा अनवाणी जायचं नाही."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मी चपला दारात मांडून ठेवी, त्या तशाच राहत. पुण्याहून मुलाने फोनवर रागावून पाहिलं. शेवटी फोड फुटला, जखम झाली. मी रोज संध्याकाळी धुऊन पट्टी करायची. ती काही भरली नाही. आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल. जालन्याच्या दवाखान्यात शेवटी भेटले तेव्हा तापात होते. मला ओळखलं आणि विचारलं, "जेवलात का?" मी म्हटलं, वरणभात. खोटं होतं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग डोळे मिटले. दिवाळीनंतर गेले.

दशक्रियेच्या दिवशी माणसं पांगल्यावर मामा आले. एका गावात राहून त्या दारात ते इतक्या दिवसांनी येत होते. फार वाळले होते. पायरीवर त्यांच्या नेहमीच्या जागी बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. मग उठले, टाकीजवळ गेले, वाकून फटीत हात घातला आणि आपली जुनी चप्पल बाहेर काढली. कोळ्याची जाळी, वाळलेली पानं, उंदरांनी कुरतडलेला पट्टा.

"तुम्हाला ठाऊक होतं ती कुठे आहे?"

"साऱ्या गावाला ठाव हुतं, म्याडम. आप्पा चप्पल लपवितो आन् खिडकीतून पाहतो. मला न्हाई का ठाव असनार?"

"मग अनवाणी का गेलात?"

मामांनी चपलेवरची धूळ अंगठ्याने पुसली. "त्यो खिडकीत हुबा हुता. त्याच्यासमोर कसं भ्यायचं? लहानपनापून मी न भिनारा, त्यो भिनारा, असंच चालत आल्तं." मग म्हणाले, "पाय लई भाजले. नोकरीत पायाला बुटाची सवय लागली हुती. फाट्यावर रसवंतीवाल्याकडून बर्फ मागितला, त्याच्यावर पाय ठिवून बसलो. बायकूला म्हन्लं, कुनाला सांगू नको. फोनवरबी तसंच. भाकरी खाल्ली म्हन्लो."

म्हणजे मामींनाही पुरतं कळलं नव्हतं. भाजलेले पाय त्यांनी पाहिले, पण त्या दिवशी आप्पांसमोर भ्यालेला नवरा त्यांना दिसला नाही. चप्पल गेल्याचं नवऱ्याला काही वाटत नाही, हे आप्पांना सांगितलेलं कारण त्यांना खरंच वाटत होतं, आणि आप्पा ते कारण तपासत मेले.

"आप्पांना एकदा सांगायचं होतं, मामा." माझा आवाज मला हवा होता त्याहून कडक आला.

"येनार हुतो. खोली झाल्यावर येनार हुतो, म्हन्लं, सांगून टाकू. मंग त्यो दुपारचा माझ्या दारावरून अनवाणी जायला लागला. रोज. मान ताठ, माझ्याकडं पाहत न्हाई. मला वाटलं, टिंगल करून राह्यलाय माझी. गावासमोर माझं सोंग काढून राह्यलाय. मंग म्हन्लं, जाऊ दे. आता न्हाई जायचं."

मी त्यांना सांगितलं, आप्पा कशासाठी चालत होते ते. सांगू नये असं क्षणभर वाटलं, पण सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. चप्पल हातात उलटीसुलटी केली, मग खाली वाकून टाकीखाली होती तिथेच पुन्हा सारली, हात आत जाईल तितकी खोल.

पाणी तसंच ठेवून ते निघाले, आणि मी आत येऊन खिडकीत उभी राहिले. त्या दिवशी त्यांच्या पायात चपला होत्या. पायरी उतरल्यावर त्यांनी खिडकीकडे एकदा पाहिलं. आत मी होते, पण त्यांना जे पाहायचं होतं ते मी नव्हते. मग ते फाट्याच्या दिशेने चालू लागले, आणि मी त्यांच्या पाठीकडे न पाहता त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. ते पाऊल फार जपून टाकत होते, जणू रस्ता अजून तापलेलाच आहे.